डांगी गाय पाळायचीय? डोंगरातल्या, धो-धो पावसातल्या नवख्या पशुपालकांसाठी सविस्तर माहिती

अकोले, इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, जव्हार, मोखाडा, शहापूर, मुरबाड, या पट्ट्यात किंवा असाच पाऊस पडणाऱ्या गावात ज्यांची थोडीफार जमीन आहे आणि ज्यांना पहिल्यांदाच गाय घ्यायचीय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गावाकडे परत आलेली पोरं असतील, नोकरीतून रिटायर होऊन घाटावर जागा घेतलेले असतील, किंवा घरात आजोबांच्या काळी गुरं होती पण मधे सगळं मोडलं असे असतील. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, दूध किती देते? त्याचं उत्तर आधीच सरळ देतो म्हणजे पुढचा गैरसमज वाचेल. डांगी एका वेताला, म्हणजे एकदा व्याल्यापासून दूध आटेपर्यंत, सरासरी 500 लिटरच्या आसपास दूध देते, चांगली निवडलेली आणि नीट खाऊ घातलेली गाय त्याच्या पुढे जाते, पण रोजचा हिशोब धरला तर वासराचं सोडून हाती दोनेक लिटर येतात असंच धरून चाला. फॅट 4 च्या वर असते. डांगी अख्ख्या वेतात देते तेवढं दूध संकरित गाय महिन्या-दीड महिन्यात देऊन मोकळी होते. म्हणजे डेअरीला कॅन भरून घालायचेत असा प्लॅन असेल तर डांगी घेऊ नका, तुमचंही नुकसान आणि गाईचेही हाल.

मग घ्यायची कशाला? कारण आपल्याकडे जून ते सप्टेंबर जो पाऊस पडतो त्यात दुसरं जनावर टिकत नाही हो. इगतपुरी, घाटघर या भागात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या पुढे पाऊस, आठवडाभर सूर्य दिसत नाही, खालून चिखल वरून धार, आणि त्यात ही गाय डोंगराच्या उतारावर निवांत चरत असते. डांगीच्या कातडीतून एक तेलकट स्राव येतो त्यामुळे पाणी अंगावर मुरत नाही, घसरून जातं. आणि खूर काळे, गारगोटीसारखे कडक, सततच्या ओल्यातही लवकर मऊ पडत नाहीत, म्हणूनच भाताच्या खाचरात चिखलणीला आणि खडकाळ पायवाटेला हीच जनावरं चालतात. कानडी, महादेव कोळी, ठाकर, कुणबी अशा समाजांनी पिढ्यानपिढ्या याच डोंगरात निवडत निवडत ही जात टिकवलीय. तिचं मूळ घर म्हणजे गुजरातचा डांग जिल्हा आणि त्याला लागून नाशिक, अहिल्यानगर, पालघर, ठाण्याचा डोंगराळ भाग. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागाला तर डांगाणच म्हणतात.

आता तुमची जागा मराठवाड्यात असेल तर देवणी किंवा लाल कंधारी बघा, सोलापूर-सांगलीच्या माळावर असाल तर खिल्लार, अगदी किनारपट्टीला कोकण कपिला. जी जात ज्या मातीत वाढली तिथेच ती कमी खर्चात चांगली राहते. हे मी जातीच्या अभिमानापोटी सांगत नाहीये, औषधाचा आणि खुराकाचा खर्च मांडून बघा मग पटेल.

आधी पैशाचं बोलू

डांगीचं उत्पन्न एका ठिकाणाहून येत नाही, चार-पाच ठिकाणांहून थोडं थोडं येतं आणि ते सगळं मिळून संसार चालतो. घरचं दूध-तूप, दरवर्षी नाही पण दीड वर्षाला एक वासरू, शेणखत, बैलजोडीची विक्री किंवा औताचं भाडं. यात सगळ्यात मोठा आकडा बहुतेक वेळा बैलांचा असतो. डांगी बैल चालीला सावकाश पण ताकदीला जबरदस्त, उतारावरच्या लहान खाचरांमधे जिथे ट्रॅक्टर उतरत नाही तिथे आवणीच्या (भात लावणीच्या) दिवसांत त्यांनाच मागणी. पॉवर टिलर आल्यापासून मागणी कमी झालीय हे खरंय, म्हणून तुमच्या पंचक्रोशीत अजून किती जण बैलाने औत करतात ते आधी फिरून बघा, नुसतं ऐकून ठरवू नका.

शेणाचा हिशोब लोक करतच नाहीत. एक गाय दिवसाला 8-10 किलो शेण देते, त्यातलं चरायला गेल्यावर रानात पडतं ते सोडा, तरी गोठ्यातलं आणि खाली पडलेला चारा-पाचोळा मिळून वर्षाला दोन-तीन बैलगाड्या चांगलं खत होतं. भाताचा राब, म्हणजे रोपं टाकायची जागा, भाजणारे असाल तर शेण लागतंच, नागली-वरईला लागतं, आणि परसात भाजीपाला असेल तर विकतचं खत जवळजवळ बंद होतं.

एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. युरोपातल्या डोंगरी जातींबद्दल इंटरनेटवर वाचून बरेच जण येतात. फ्रान्सच्या आल्प्समधे तारँतेझ नावाची गाय आहे, तिच्या आणि आबोंदान्स गाईच्या दुधापासून बोफोर चीज बनतं, आणि गंमत म्हणजे त्या चीजच्या नियमात कळपाची सरासरी गाईमागे वर्षाला 5000 किलोच्या वर जाऊ द्यायची नाही अशी मर्यादाच घातलीय, जास्त दूध काढायचा हावरटपणा नको म्हणून. तिकडे नर वासरं आणि म्हाताऱ्या गाई मांसासाठी जातात आणि तो उत्पन्नाचा मोठा भाग असतो. आपल्याकडे तो हिशोब लावता येणार नाही. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही कायद्याने बंदी आहे. म्हणजे गोठ्यात जन्मलेला प्रत्येक खोंड एक तर औताला लागला पाहिजे, नाहीतर वळू म्हणून गेला पाहिजे, नाहीतर तुम्ही आयुष्यभर सांभाळला पाहिजे. भाकड गाईचंही तेच. पहिली गाय घेतानाच म्हातारपणी तिच्यासाठी दावणीला जागा आणि वर्षाचा पेंढा आहे का हे स्वतःला विचारा. नसेल तर दोनऐवजी एकच घ्या. मी हे खूप कळकळीने सांगतोय कारण रस्त्यावर सोडलेली जनावरं अशाच न केलेल्या हिशोबातून येतात.

डांगी ओळखायची कशी

पांढऱ्या अंगावर काळे किंवा लाल डाग, वेडेवाकडे पसरलेले, ही पहिली ओळख. डाग किती आणि कसे यावरून गावागावात वेगळी नावं आहेत, मणेरा, शेवरा, बहाळा, पारा, खैरा अशी नावं बाजारात ऐकू येतील, आणि ती नावं सांगताना म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यात जी चमक येते ना ती बघण्यासारखी असते. पण नवख्याने रंगावर जाऊ नका. होल्स्टीनचा संकरही काळा-पांढराच असतो आणि लांबून फसायला होतं.

जवळ जा आणि एकेक बघा. वशिंड पाहिजे, मध्यम आकाराचं पण ठळक. गळ्याखालची पोळी लोंबती. डोकं लहान आणि कपाळ जरासं पुढे आलेलं, कान छोटे, शिंगं आखूड आणि जाड. कान लांब, पानासारखे दुमडलेले आणि कपाळ गोल घुमटासारखं असेल तर त्यात गीरचं रक्त आहे. शिंगं लांब, वर-मागे गेलेली असतील तर खिल्लार मिसळलंय. मग खूर बघा, चारही काळे आणि घट्ट हवेत, फिकट किंवा पिवळट खूर असेल तर शंका घ्या. शेवटी पाठीवरून तळहात दाबून फिरवा, कातडी मऊ, सैलसर लागते आणि हाताला तेलकटपणा जाणवतो. पावसाळ्यात तो जास्त कळतो.

वय दातावरून. दुधाचे दात म्हणजे आदत, मग दुसा, चौसा, सहादाती आणि सगळे आले की जुळलेली. देशी जनावरात दोन दात यायला साधारण अडीच वर्षं लागतात आणि जुळायला पाच. विकणारा म्हणेल दुसऱ्या वेताची आहे आणि दात झिजून सपाट झालेले असतील तर काय ते समजा. दात बघता येत नसतील तर गावातला एखादा जाणता माणूस बरोबर घ्या, त्याला चहा-पाणी, येण्या-जाण्याचा खर्च द्या, तो पैसा कधीच वाया जात नाही.

कुठून आणि कधी घ्यायची

वेळ म्हणजे दिवाळीनंतर. नोव्हेंबर ते जानेवारी. कारण दोन. एक तर भात कापणी झालेली असते, पेंढा तेव्हा स्वस्त आणि भरपूर मिळतो, तो त्याच वेळी भरून ठेवता येतो. दुसरं म्हणजे जनावराला तुमचा गोठा, तुमची माणसं, तुमचं पाणी यांची सवय व्हायला पावसाळ्याच्या आधी पाच-सहा महिने मिळतात. मे महिन्यात जनावरं स्वस्त असतात कारण विकणाऱ्याकडचा चारा संपलेला असतो, पण ती खंगलेली असतात आणि तुमच्याकडेही चारा नसतो, मग पहिल्या पावसात ताप, हगवण सगळं सुरू होतं.

अकोले तालुक्यातल्या राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन भरतं, साधारण डिसेंबरात. विकत घ्यायचं नसलं तरी एकदा जाऊन याच, उत्तम वळू, उत्तम गाय कशी दिसते हे डोळ्यात बसतं आणि नंतर बाजारात कुणी काहीही खपवू शकत नाही. इगतपुरी तालुक्यात घोटीचा जनावरांचा बाजार आहे. मुरबाडजवळ म्हसा गावची यात्रा पौष पौर्णिमेला भरते, तिथे बैलांचा मोठा बाजार असतो. पण माझं मत विचाराल तर पहिली गाय बाजारातून घेऊ नका, वाडीवर जाऊन, पाळणाऱ्याच्या गोठ्यातून घ्या. तिथे तिची आई दिसते, बहीण दिसते, सकाळची धार स्वतः बसून काढून बघता येते, ती माणसाला कशी वागते ते कळतं. बाजारात कास भरलेली दिसावी म्हणून धार न काढता आणलेली असते, त्यावर काय विश्वास ठेवणार.

घ्यायची कुठली? नवख्या माणसाने दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची, खाली एक-दोन महिन्यांचं वासरू असलेली, शक्यतो कालवड (मादी वासरू) असलेली गाय घ्यावी. पहिलटकरीण नको, ती धार काढताना लाथा मारते आणि तुम्हालाही सवय नसते. वासराशिवाय तर अजिबात नको. देशी गाय वासरू चोखल्याशिवाय पान्हा सोडत नाही, वासरू दगावलं की दूध आटलंच समजा.

चारही सड हाताने बघा, गाठ आहे का, धार सरळ येते का. चालवून बघा, लंगडते का. डोळ्यातून, नाकातून पाणी, शेपटीखाली घाण, कानाच्या आत आणि कासेच्या बेचक्यात गोचीड, हे सगळं तपासा. अंगावर लम्पीच्या जुन्या गाठींचे व्रण असतील तर विचारा, 2022 मधे आपल्याकडे ती साथ मोठी होती, बरी झालेली गाय चालते पण सडांवर व्रण नकोत.

कागदपत्रं आता सोडून चालत नाहीत. कानात 12 आकडी बिल्ला असलाच पाहिजे, बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतुकीला महाराष्ट्रात परवानगी नाही. गावातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तो नंबर तुमच्या नावावर करून घ्या. बाजारातून घेतली तर पावती, गाडीतून आणणार असाल तर डॉक्टरांचा आरोग्य दाखला बरोबर ठेवा, आणि विकणाऱ्याशी साधा कागदावर व्यवहार लिहून दोघांच्या सह्या. गाडीत खाली पेंढा किंवा वाळू टाका, वासरू वेगळं बांधा, रात्री उशिरा प्रवास नको.

गोठा

डांगी पावसात टिकते याचा अर्थ लोक असा लावतात की तिला गोठा लागत नाही. असं नाहीये. दिवसभर ती भिजेल, हरकत नाही, पण रात्री तिला कोरडं बसायला मिळालंच पाहिजे. आणि वासराच्या अंगात ती ताकद अजून आलेली नसते, पहिल्या पावसाळ्यात न्यूमोनियाने वासरं जातात ती ओल्या जमिनीवर आणि वाऱ्याच्या झोतात बांधल्यामुळे.

जागा उंचावर निवडा, जिथून पाणी आपोआप निघून जाईल. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून, नैऋत्येकडून मारतो, त्या बाजूची भिंत बंद, छप्पर पुढे चांगलं तीन-चार फूट काढलेलं. पूर्वेची बाजू मोकळी म्हणजे ऊन निघेल तेव्हा आत येईल. भिंतीला विटाच हव्यात असं नाही, कारवीच्या कुडाला शेणामातीचा लेप दिला तरी उत्तम, खर्च कमी आणि आत ऊब राहते, फक्त खालचा दोन फूट भाग दगडाचा करा नाहीतर कूड कुजतो. एका गाईला साधारण 40 चौरस फूट जागा धरा. खाली गुळगुळीत कोबा करू नका, गाय घसरली आणि मांडी फाकली तर उठत नाही. खडबडीत दगडी फरस किंवा चांगला ठोकलेला मुरूम, मागच्या बाजूला हलका उतार आणि गोमूत्र जाईल अशी नाली, ती बाहेर खड्ड्यात किंवा टाकीत. पावसाळ्यात रोज संध्याकाळी भाताचं तूस, वाळका पाला किंवा खराब पेंढा खाली टाका आणि सकाळी उचलून उकिरड्यात.

बिबट्याचा विषय गंभीरपणे घ्या. अकोले, जुन्नर, इगतपुरी सगळीकडे आहे. मोठ्या गाईवर तो सहसा येत नाही पण वासरू लगेच उचलतो. वासरांच्या खोलीला जाळीचं दार, वरून पण बंद, कुंपणावर भरवसा नको. गोठ्याभोवती झुडपं साफ, बाहेर एक दिवा. आणि दुर्दैवाने हल्ला झालाच तर मेलेलं जनावर जागेवरून हलवू नका, लगेच वनविभागाला कळवा, पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही.

चारा, सगळ्यात जास्त लक्ष इथेच द्या

डांगी चरून जगणारी गाय आहे. दिवसाला सहा-आठ तास रानात फिरली पाहिजे, चोवीस तास दावणीला बांधली तर खूर वाढतात, माज नीट येत नाही, स्वभाव पण बिघडतो. म्हणून आधी चराईची सोय बघा. गायरान आहे का, गावचा गुराखी आहे का आणि तो महिन्याला काय घेतो, जंगल कुणाच्या ताब्यात आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यासारख्या भागात चराईला नियम आहेत, तिथे वनविभागाला विचारल्याशिवाय गुरं सोडू नका, नंतर भांडणं होतात.

जून ते ऑक्टोबर हिरवं भरपूर. नोव्हेंबर-डिसेंबरात कापलेल्या खाचरात धसकटं आणि बांधावरचं गवत. खरी परीक्षा जानेवारीपासून पहिला पाऊस येईपर्यंत. हे साधारण 160 दिवस. डांगी गाय तीनशे किलोच्या आसपासची धरली तर तिला दिवसाला 6-7 किलो कोरडा चारा लागतो, रानात एक-दीड किलो मिळाला तरी घरून 5 किलो द्यावाच लागणार. 160 दिवस गुणिले 5 म्हणजे एका गाईला 800 किलो. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा आणि दिवाळीत तेवढा पेंढा, डोंगरी गवत, नागलीचं काड रचून घ्या. गंजी उंच ओट्यावर, खाली लाकडं टाकून, वरून नीट शाकारून. भिजलेला, बुरशी आलेला पेंढा गाभण गाईला कधीही देऊ नका, गाभडते.

नुसत्या भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, 3-4 टक्के. नागलीचं काड त्याच्यापेक्षा बरं, ज्यांच्याकडे नागली आहे त्यांनी ते जाळू नका. पेंढ्याला युरियाची प्रक्रिया केली तर चांगला फरक पडतो. 100 किलो कोरड्या पेंढ्याला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा, पेंढा थर देऊन पसरायचा, प्रत्येक थरावर झारीने शिंपडायचं, तुडवून दाबायचं, आणि वरून प्लॅस्टिकने हवाबंद झाकून 21 दिवस ठेवायचं. काढल्यावर तासभर उघड्यावर पसरा, वास गेला की थोडा थोडा नेहमीच्या पेंढ्यात मिसळून सवय लावा. सहा महिन्यांच्या आतल्या वासरांना हा द्यायचा नाही. युरियाची गोणी आणि ते पाणी जनावराच्या तोंडाला लागेल असं कुठेही ठेवू नका, थेट पोटात गेला तर जनावर तासाभरात मरतं, यात कसलीही ढिलाई नको.

विहीर किंवा झरा असेल तर पाच-सहा गुंठ्यांत नेपियर गवताची ठोंबं लावा, बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ लावा, एप्रिलमधे हा पाला सोन्यासारखा वाटतो. सुबाभूळ मात्र एकूण चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको. दुभत्या गाईला दिवसाला एक-दीड किलो पेंड-भुसा-चुणी, गाभण गाईला शेवटच्या दोन महिन्यांत तेवढंच. खनिज मिश्रण रोज 30-50 ग्रॅम आणि मीठ, हे सगळ्यांना, बारा महिने. पावसाळ्यातलं कोवळं गवत पाणचट असतं, खनिजं कमी पडतात, गाई एकमेकींची शेपटी, गोणपाट, हाडकं चघळायला लागल्या तर तेच कारण. पाणी दिवसाला 30-40 लिटर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. चरायच्या रानात घाणेरी माजली असेल तर उपटून काढा, उन्हाळ्यात दुसरं काही नसलं की गुरं ती खातात आणि कावीळ होऊन जातात.

रोग आणि लस

काटक जात आहे म्हणून लस टाळणारे बरेच आहेत. घटसर्प आणि फऱ्या काही काटकपणा बघत नाहीत, सकाळी चरायला गेलेलं जनावर संध्याकाळी मेलेलं असतं. या दोन्हीच्या लसी मे महिन्यात, पावसाच्या आधी. लाळ्या खुरकूतची वर्षातून दोनदा, लम्पीची वर्षातून एकदा. कालवड 4 ते 8 महिन्यांची असताना ब्रुसेलाची एकच लस, ती फक्त मादी वासरांना. या लसी सरकारी दवाखान्यात मिळतात, गावात कॅम्प लागला की सगळ्यात आधी जाऊन उभे राहा.

भातपट्ट्यातला खास त्रास म्हणजे यकृतातला चपटा जंत. खाचरातल्या, डबक्यातल्या गोगलगाईंमधून तो येतो. गाय खाते-पिते पण वाळत जाते, जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबते, शेण पातळ. साधं जंताचं औषध त्याला लागू पडत नाही, शेणाची तपासणी करून डॉक्टरांकडून त्याचंच औषध घ्यायचं, पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा पावसाच्या आधी. गोचिडासाठी औषध नुसतं जनावराला लावून उपयोग नाही, गोठ्याच्या भिंतीच्या फटीत अंडी असतात, तिथेही फवारा मारा किंवा ज्योत फिरवा, अर्थात कुडाची भिंत असेल तर ज्योत नको. गोचीड तापात लघवी लाल होते, ते दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. 1962 हा फिरत्या दवाखान्याचा नंबर मोबाईलमधे सेव्ह करून ठेवा.

पैदास

इथे मी हात जोडून सांगतो, डांगीला जर्सी-होल्स्टीनचं बीज भरू नका. पहिल्या पिढीत दूध वाढतं, मान्य, पण वशिंड जातं, खूर मऊ होतात, कातडी बदलते, आणि ते वासरू या पावसात दवाखान्याच्या वाऱ्या करत मोठं होतं. एकदा गोठ्यातलं रक्त मिसळलं की मागे फिरता येत नाही, आणि शुद्ध डांगी आता गावागावात कमी होत चाललीय.

कालवड उशिरा माजावर येते, पहिलं वेत चार वर्षांच्या पुढेच धरा. माज पण मुका असतो, हंबरणं, सोट (मागून येणारा चिकट स्राव) गळणं कमी दिसतं, म्हणून नवख्याच्या हातून निसटतो. त्यामुळे कळपात, गावच्या चराईत चांगला वळू असेल तर ते सगळ्यात सोपं, एक वळू 40-50 गाईंना पुरतो. वळू दर तीन वर्षांनी बदलला पाहिजे नाहीतर स्वतःच्याच लेकींवर जातो. चार-पाच गावांनी मिळून वळूंची अदलाबदल केली तर खर्चही नाही. वळू नसेल तर कृत्रिम रेतन, दवाखान्यात किंवा बाएफ या संस्थेच्या केंद्रावर डांगीच्या कांडीची (वळूच्या गोठवलेल्या बीजाच्या नळीची) मागणी आधीच सांगून ठेवा, आयत्या वेळी जी असेल ती भरतात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तीन महिन्यांनी गाभण तपासणी.

व्यायच्या आधी दोन महिने दूध बंद करायचं. व्यायल्यावर पहिल्या तासा-दोन तासात वासराच्या पोटात चीक गेलाच पाहिजे, वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा दिवसभरात. खरवसाची घाई करू नका, आधी वासराचं पोट. नाळेला टिंचर आयोडीन. वार (जार) 12 तासांत पडली नाही तर ओढू नका, वजन बांधू नका, डॉक्टरांना बोलवा. वासराला पहिलं जंताचं औषध 10-15 दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला. धार काढताना एक सड पूर्ण वासराला सोडायचा, पहिले दोन महिने तर दोन सड. वासराला उपाशी ठेवून दूध विकणाऱ्याच्या गोठ्यात पाच वर्षांनी काहीच उरत नाही.

खोंड असेल तर दीड-दोन वर्षांचा झाल्यावर ठरवा. अंगाने उत्तम, आई चांगली दुधाची, खूर काळे असेल तर वळू म्हणून ठेवा किंवा लांबच्या गावाला द्या. बाकीच्यांचं खच्चीकरण डॉक्टरांकडून चिमट्याने, दगडाने ठेचायची जुनी पद्धत नको, फार क्रूर आहे. तीन वर्षांचा झाला की जुन्या बैलाच्या जोडीला लावून शिकवायचा.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा, गाईमागे एक पान. माज कधी आला, कुठला वळू किंवा कुठली कांडी, कधी व्याली, लस कुठली कधी, महिन्यातून एक दिवस दोन्ही वेळचं दूध मोजून. गावात कुणी अशी वही ठेवत नाही आणि म्हणून कुठल्या गाईची कालवड ठेवायची हे नुसत्या अंदाजाने ठरतं. दोन वेतांची नोंद झाली की पुढची कालवड विकायची की ठेवायची ते त्या पानावरून ठरवा, आणि गाय विकायची वेळ आलीच तर त्या पानाची झेरॉक्स घेणाऱ्याला द्या.